दारावर कोण उभे आहे? : 'लेट' या एका इंग्रजी क्रियापदाविषयी

इंग्रजी शिकताना ज्या क्रियापदांची ओळख अगदी सुरुवातीलाच होते, त्यांत 'लेट' हे एक आहे. तीन अक्षरांचे, वर्तमानकाळात आणि भूतकाळात रूप न बदलणारे, उच्चाराला सोपे. शाळेत त्याचा अर्थ 'करू देणे' असा सांगितला जातो आणि तेवढ्यावर बहुतेकांचे आयुष्यभर भागते. त्यासाठी शब्दकोश उघडावा, असे कोणाला वाटत नाही. मला ते तपासून पाहावेसे वाटले, त्याचे कारण नेमके हेच आहे. कठीण शब्दापाशी वाचक थांबतो, सोप्या शब्दावरून तो सहज पुढे निघून जातो. आणि साहित्यातले पुष्कळसे महत्त्वाचे व्यवहार अशा न थांबता ओलांडलेल्या शब्दांतूनच झालेले असतात.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. 'लेट'ने सुरू होणाऱ्या वाक्यात कुठे तरी एक दार असते. त्या दारावर कोणी पहारेकरी उभा आहे की दार मोकळे आहे, हे इंग्रजी वाक्य उघड करत नाही. एकच शब्द विनंतीला चालतो, हुकमाला चालतो, आशीर्वादाला चालतो आणि बरोबर येण्याच्या आमंत्रणालाही चालतो. मराठीला मात्र असे गुळमुळीत राहता येत नाही. वाक्य मराठीत आणायचे ठरवले की कोण कोणाकडे काय मागतो आहे, हे आधी ठरवावे लागते. म्हणून 'लेट'चा अनुवाद करणे म्हणजे दारावर कोण उभे आहे, हे ओळखणे होय. ते ओळखताना मूळ कृतीविषयी असे काही कळते, जे इंग्रजीतच वाचत राहिलो तर सहसा लक्षात येत नाही.

एका रूपातले दोन शब्द

आज आपण 'लेट' म्हणून वापरतो ते क्रियापद जुन्या इंग्रजीत 'लॅटान' होते. त्याचा अर्थ सोडणे, मागे ठेवणे, मोकळे करणे. त्याच भाषेत त्याच्यासारखेच दिसणारे दुसरे एक क्रियापद होते, 'लेतान'. त्याचा अर्थ बरोबर उलटा : अडवणे, खोळंबा करणे. काळाच्या ओघात दोघांचे उच्चार एक झाले, स्पेलिंग एक झाले आणि इंग्रजीत कित्येक शतके एकच शब्द 'जाऊ देणे' आणि 'जाऊ न देणे' अशा दोन्ही अर्थांनी नांदत होता.

हा गोंधळ निव्वळ योगायोगाचा मानता येत नाही. 'अडवणे' या अर्थाचे क्रियापद ज्या विशेषणापासून बनले ते होते 'लॅट', म्हणजे मंद, ढिला, रेंगाळणारा. आजचा 'उशिरा' या अर्थाचा 'लेट' तो हाच, आणि 'शेवटचा' या अर्थाचा 'लास्ट' हेही त्याचेच तमभावदर्शक रूप. एखाद्याला अडवणे म्हणजे त्याला मंद करणे, त्याला उशीर करणे. आणखी मागे गेले तर व्युत्पत्तिकार दोन्ही शब्द एकाच धातूशी नेऊन पोचवतात. त्या धातूचा अर्थ ढिले पडणे, सैल सोडणे. मूठ सैल केली की आतले सुटते. पाय ढिले पडले की माणूस मागे राहतो. एकाच सैलपणातून सुटकाही निघाली आणि खोळंबाही.

मराठी लिपीने या बाबतीत एक गंमत केली आहे. देवनागरीत आपण दोन्ही शब्द 'लेट' असेच लिहितो. गाडी लेट आहे असे म्हणणाऱ्याला आणि टेनिसच्या पंचाचा 'लेट' ऐकणाऱ्याला हे दोन वेगळे शब्द वाटतात. परंतु इंग्रजीच्या इतिहासाने ज्यांना दूर नेले त्या नातेवाइकांना आपल्या लिपीने नकळत पुन्हा एका घरात आणून बसवले आहे. 'टू लेट'च्या पाटीवर केले जाणारे जुने विनोद या अर्थाने भाषाशास्त्राच्या बरेच जवळ जाणारे म्हणावे लागतील.

'अडवणे' या अर्थाचा 'लेट' आज बोलण्यातून गेला, पण दोन-तीन कोपऱ्यांत तो टिकून आहे. सर्व्हिस करताना चेंडू जाळ्याला लागून योग्य चौकटीत पडला की पंच 'लेट' म्हणतो. मध्ये अडथळा आला, चेंडू पुन्हा टाका, असा त्याचा अर्थ. दुसरे ठिकाण आपल्या घरातल्या कपाटात आहे. भारतीय पारपत्राच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तिच्या इंग्रजी मजकुरात 'लेट ऑर हिंडरन्स' ही कायद्याच्या भाषेतली जुनी जोडी येते. तिथे 'लेट' म्हणजे अडवणूक. त्याच पानावरच्या हिंदी मजकुरात या जोडीला 'रोक-टोक' हा शब्द आहे आणि वाहकाला जाऊ देण्यासाठी 'देना' हे क्रियापद वापरलेले आहे. इंग्रजीत ज्या शब्दाने दार बंद होते, त्याच्या आजच्या अर्थाचे काम शेजारच्या ओळीत आपल्याकडचे 'देणे' करते. परदेशी जाणारा प्रत्येक भारतीय हा व्याकरणाचा धडा खिशात घेऊन हिंडत असतो.

एकाच अध्यायात दोन 'लेट'

जुने साहित्य वाचताना हा दुहेरी अर्थ माहीत नसेल तर वाक्य उलटे वाचले जाते. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकातल्या चौथ्या प्रवेशात बापाचे भूत हॅम्लेटला खुणावते आणि त्याचे सोबती त्याला धरून ठेवतात. त्या वेळी जो मला 'लेट' करील त्याचेच मी भूत करीन, अशी तो धमकी देतो. आजचा अर्थ लावला तर वाक्य वेडगळ ठरते : जो मला जाऊ देईल त्याला मी मारीन! हॅम्लेटच्या तोंडी अर्थात 'जो मला अडवील' असा अर्थ आहे. शाळकरी आवृत्त्यांत तळटीप असते म्हणून वाचक सावरतो.

याहून मोठे उदाहरण १६११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलमध्ये सापडते. 'निर्गम' या पुस्तकाचा पाचवा अध्याय पाहावा. पहिल्याच वचनात मोशे आणि अहरोन फारोसमोर उभे राहून आपल्या लोकांच्या सुटकेची मागणी करतात, आणि ती मागणी 'लेट' या क्रियापदाने सुरू होते. अवघ्या तीन वचनांनंतर फारो उत्तर देताना तेच क्रियापद वापरतो. त्याचा प्रश्न असा की, तुम्ही या लोकांना त्यांच्या कामापासून का 'लेट' करता, म्हणजे कामात खोळंबा का घालता? गुलामांच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी 'लेट' म्हणजे सोड. धन्याच्या तोंडी 'लेट' म्हणजे अडथळा. ज्याला एक जण सुटका म्हणतो, त्यालाच दुसरा कामाची अडवणूक म्हणतो.

त्या काळच्या भाषांतरकारांनी हा श्लेष मुद्दाम साधला, असे माझे म्हणणे नाही. मूळ हिब्रूत या दोन ठिकाणी दोन वेगळी क्रियापदे आहेत. इंग्रजीत तेव्हा दोन्ही अर्थ चालू होते आणि वाक्यरचनेवरून ते वेगळे ओळखू येत. पुढे दुसरे क्रियापद आले तर बहुधा परवानगी, नुसते कर्म आले तर बहुधा अडवणूक. पण हेतू असो वा नसो, पानावर जे उमटले आहे ते विलक्षण आहे. सत्ता आणि सुटका यांचा वाद एका क्रियापदाच्या दोन अर्थांत मांडला गेला आहे. १८८५ सालच्या सुधारित आवृत्तीत फारोच्या तोंडचा 'लेट' काढून दुसरा शब्द घातला गेला. अर्थ स्पष्ट झाला आणि तो आरसा मात्र हरवला.

मराठीची चार दारे

आता मराठीकडे वळू. 'लेट'साठी मराठीत एक शब्द नाही. निदान चार वेगळ्या रचना आहेत, आणि आपण त्या रोज इतक्या सहज वापरतो की त्यांतला भेद आपल्यालाच जाणवत नाही.

पहिली रचना 'जाऊ या'ची. यात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही आहेत. दुसरी 'त्याला जाऊ दे' किंवा 'आम्हांला जाऊ द्या' ही. इथे समोर कोणी तरी आहे, त्याच्या हातात अधिकार आहे आणि आपण तो अधिकार मान्य करून मागतो आहोत. इंग्रजीचे 'लेट अस गो' हे तीन शब्द या दोन्ही अर्थांना चालतात. त्यांचा संक्षेप करून 'लेट्स' केले की फक्त पहिला अर्थ उरतो. मराठीला संक्षेपाची गरज नाही. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद आपल्या भाषेत मुळातच आहे. ऐकणाऱ्याला आपल्यात घेतले की 'आपण', त्याला बाहेर ठेवले की 'आम्ही'. दार उघडून एकत्र बाहेर पडणारे आणि दार उघडण्याची विनवणी करणारे यांना मराठी सर्वनामापासूनच वेगळे करते.

तिसरी रचना सर्वांत सूक्ष्म आहे, आणि मला वाटते, तिच्याकडे अनुवादकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'त्याला येऊ दे' आणि 'तो येऊ दे' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात परवानगी आहे : त्याला अडवू नकोस. दुसऱ्यात परवानगीचा प्रश्नच नाही : तो एकदा येवो, मग बघू. 'बाबांना येऊ द्या' हे वाक्य दारात आडवे उभे असलेल्या कोणाला तरी उद्देशून आहे. 'बाबा येऊ देत, मग सांगते' हे वाक्य आई मुलाला ऐकवते, पण त्यातल्या 'देत'चा मुलाशी काही संबंध नाही. ते रूप 'बाबा' या आदरार्थी अनेकवचनाप्रमाणे चालते आहे. 'पाऊस पडू दे', 'सरी पडू देत' यांतही कोणी देणारा नाही. क्रियापद 'देणे'च आहे, पण दाता वाक्यातून नाहीसा झाला आहे. विभक्तीच्या एका प्रत्ययाने, 'ला' आला की नाही एवढ्यावरून, दारावरचा पहारेकरी उभा राहतो किंवा निघून जातो.

चौथी रचना 'होवो', 'जावो', 'असो' ही. संस्कृतच्या लोट् लकारातल्या 'भवतु', 'गच्छतु' यांच्याशी नाते सांगणारी ही रूपे. इथे दार नाही, पहारेकरी नाही. केवळ इच्छा आहे आणि ती व्यक्त झाली की पुरे. मराठी निबंधकाराचा लाडका 'असो' हा याच कुळातला.

या चौथ्या रचनेचे सामर्थ्य पाहायचे तर शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीचे पसायदान पाहावे. त्याची व्याकरणिक घडण अशी : आरंभी विश्वात्मक देवाकडे एकदाच 'द्यावे' अशी मागणी होते. त्यानंतर येणारी रूपे 'जावो', 'पाहो', 'लाहो', 'होतु' अशी आहेत. मागणे एकदा करून झाले. आता दात्याला पुन्हा पुन्हा हाक मारलेली नाही. अंधार जावा, ज्याला जे हवे ते मिळावे, सज्जन सर्वांचे सोयरे व्हावेत, या गोष्टी जणू आपल्या आपण घडू लागतात. हेच इंग्रजीत न्यायचे झाले तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी 'मे' किंवा 'लेट' यांची मदत घ्यावी लागते, आणि 'लेट' घेतला की प्रत्येक वाक्यात पुन्हा कोणाची तरी चाहूल लागते. कोणाला सांगितले जाते आहे हे? इंग्रजीने क्रियापदाची जुनी इच्छार्थी रूपे बव्हंशी गमावली आणि ती पोकळी भरायला परवानगीचे क्रियापद उसने घेतले. 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायात प्रकाशाला दिलेल्या आज्ञेचेही तेच. हिब्रूत तिथे 'येही' हे एकाच क्रियापदाचे रूप आहे, लॅटिनमध्ये 'फियात'. मराठीचे 'होवो' या दोघांच्या शेजारी सहज बसते. इंग्रजीला मात्र 'लेट' घ्यावा लागतो, आणि चिकित्सक वाचकाला प्रश्न पडतो की, देव नेमकी कोणाकडून परवानगी घेतो आहे!

राजा आणि याचक

ही चार दारे हाताशी ठेवून काही इंग्रजी कृती पुन्हा वाचल्या की त्यांचे ताण वेगळे दिसू लागतात.

'किंग लिअर'च्या पहिल्याच प्रवेशात कॉर्डेलिया बापाला हवे ते बोलत नाही, तेव्हा लिअर 'लेट'ने सुरू होणारे एक तुटक वाक्य बोलून तिला हुंड्यावाचून वाऱ्यावर सोडतो. ते राजाचे 'लेट' आहे. मराठीत तिथे 'असो' किंवा 'तसेच होवो' अशी चौथी रचनाच शोभेल. राजाच्या वर पहारेकरी नसतो. त्याच अंकाच्या अखेरच्या प्रवेशात तोच लिअर स्वर्गाला विनवतो की, मला वेड लागू देऊ नकोस. क्रियापद तेच 'लेट'. आता मात्र दुसरी रचना अटळ आहे : समोर कोणी तरी आहे आणि आपण हात जोडून उभे आहोत. इंग्रजी प्रेक्षकाच्या कानावर दोन्ही वेळा एकच शब्द पडतो. सिंहासनापासून याचनेपर्यंतचे अंतर लिअरने एका अंकात कापले आणि क्रियापद बदललेसुद्धा नाही, ही त्या भाषेची किमया. मराठी अनुवादकाला हे सातत्य राखता येत नाही. त्याला रचना बदलावी लागते, आणि बदलताना राजाचे कोसळणे व्याकरणात उघडे पडते. एक गोष्ट जाते, दुसरी हाती लागते.

१६०९ साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांपैकी एकशेसोळावे सुनीतही 'लेट'नेच सुरू होते. दोन खऱ्या मनांच्या विवाहात अडथळे असतात हे मला कबूल करायला लागू नये, असा त्याच्या आरंभाचा आशय. 'अडथळा' हा शब्द तिथे चर्चच्या विवाहविधीतून आलेला आहे. कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर आताच सांगा, असे धर्मगुरू त्या विधीत विचारतो. त्या काळच्या इंग्रजीत 'लेट' या नामाचाही अर्थ अडथळा असाच होता, हे ध्यानात घेतले तर मला या आरंभाची आणखी एक घडी दिसते. जो शब्द अडथळे नाकारण्यासाठी वापरला आहे, त्याच्या पोटातच अडथळा दडलेला आहे. सुनीत प्रेमाच्या अढळपणाची ग्वाही देते, पण ती ग्वाही ज्या शब्दाने सुरू होते तो शब्द स्वतः अढळ नाही.

टी. एस. एलिअटची 'प्रूफ्रॉक' ही कविता १९१५ साली 'पोएट्री' मासिकात आली. तिच्या पहिल्या कडव्यात निघण्याचे आमंत्रण तीनदा येते आणि तिन्ही वेळा 'लेट अस' अशीच सुरुवात आहे. 'लेट्स' हा संक्षेप नाही. वर उल्लेखलेली संदिग्धता अशा वेळी मोकळीच राहते. एलिअट लगेच 'तू आणि मी' असे सांगून ती मिटवतो खरा, पण हा 'तू' कोण, वाचक की प्रूफ्रॉकचेच दुसरे मन, यावर समीक्षकांचा वाद अजून संपलेला नाही. मराठीत 'चल, आपण जाऊ या' म्हटले की सोबत पक्की होते, पाऊल पडते. प्रूफ्रॉकचे पाऊल कधीच पडत नाही. आमंत्रण देणारा माणूस जिन्याच्या पायऱ्यांवरून मागे फिरण्याचाच विचार करत असतो. आमंत्रणाच्या रूपात परवानगीची याचना, आणि तीही स्वतःकडेच, असे ते 'लेट' आहे. अनुवादकाने 'जाऊ या' लिहावे की 'जाऊ दे' हा प्रश्न इथे शैलीचा उरत नाही. प्रूफ्रॉकच्या दारावर प्रूफ्रॉकच उभा आहे, हे पटले असेल तर 'जाऊ या' एवढ्या मोकळेपणाने लिहिताच येणार नाही.

फारोसमोर आणि डोंगरांसमोर

मोशेची मागणी पुढे बायबलपुरती उरली नाही. अमेरिकेतल्या गुलामांनी ती आपल्या गाण्यात घेतली. 'गो डाउन, मोझेस' हे त्यांचे भक्तिगीत त्या मागणीभोवती फिरते. आणि गुलामांना गुपचूप उत्तरेकडे नेणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक 'मोझेस' या नावाने ओळखत. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष ॲल्बर्ट लुथुली यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्याच वाक्याचे शीर्षक दिले. १९६० सालचे शांततेचे नोबेल त्यांना मिळालेले होते.

मूळ हिब्रूत या मागणीसाठी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ 'पाठवून दे', 'सोड' असा आहे. ती सरळ आज्ञा आहे. इंग्रजीने तिथे 'लेट' घातला आणि आज्ञेला परवानगीचा रंग आला. हे दुबळेपण म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. 'लेट' हे आज्ञार्थी रूप आहे, पण त्याचा अर्थ परवानगीचा आहे. म्हणजे बोलणारा एकाच श्वासात दोन गोष्टी करतो : किल्ली तुझ्याकडे आहे हे मान्य करतो आणि दार उघड असे बजावतो. गुलामाची खरी स्थिती हीच होती. धन्याची सत्ता नाकारून चालणार नव्हते, कारण ती पाठीवर उमटलेली होती. आणि तिच्यापुढे गप्प राहणेही शक्य नव्हते. 'लेट'मध्ये ती दुहेरी स्थिती मावली. मराठीत आपण 'जाऊ दे' म्हणू शकतो. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : 'दे' की 'द्या'? फारोला एकेरी हाक मारायची की बहुवचनी? इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही. मराठीत मोशेने 'दे' म्हटले की तो फारोच्या बरोबरीला येतो, 'द्या' म्हटले की दरबारात अर्ज घेऊन आलेला होतो. या ठिकाणी 'दे'च हवे, असे माझे मत आहे. त्या एका मात्रेत बंड आहे.

याच्या शेजारी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी केलेल्या भाषणाचा शेवट ठेवून पाहावा. तिथेही 'लेट'ने सुरू होणारे एक छोटे वाक्य पुन्हा पुन्हा येते. पण समोर फारो नाही. किंग डोंगरांची नावे घेतात : न्यू हॅम्पशायरचे, न्यू यॉर्कचे, कोलोरॅडोचे, आणि मग दक्षिणेकडे वळून जॉर्जियाच्या स्टोन माउंटनचे. स्वातंत्र्याचा नाद त्या त्या ठिकाणाहून घुमावा, एवढेच त्यांचे म्हणणे. मराठीत ही तिसरी रचना आहे, 'घुमू दे', किंवा चौथी, 'घुमो'. कोणाकडून काही मागितलेले नाही. परंतु १९१५ साली क्यू क्लक्स क्लॅनची पुन्हा स्थापना झाली ती याच स्टोन माउंटनवर, हे ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असणार. पहारेकऱ्याचे नाव न घेता त्याच्या दाराचे तेवढे नाव घेतले आहे. फारोपुढची मागणी आणि हा उद्घोष यांच्यातला फरक इंग्रजी व्याकरणात दिसत नाही. मराठीत तो 'ला' या प्रत्ययाच्या असण्या-नसण्यात दिसतो.

रवींद्रनाथांनी स्वतः केलेला बदल

आता मी ज्या उदाहरणासाठी हा सगळा प्रपंच केला, त्याकडे येतो. मन जिथे निर्भय आहे अशा देशाचे चित्र रेखाटणारी रवींद्रनाथ टागोरांची कविता भारतात शाळकरी मुलांनाही माहीत असते. बहुतेकांना ती इंग्रजीतून माहीत असते. १९१२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी 'गीतांजली'तील ती पस्तिसावी कविता. बंगालीत मात्र ती 'गीतांजली'त नाही. १९०१ सालच्या 'नैवेद्य' या संग्रहात आहे. इंग्रजी रूप कवीने स्वतःच केलेले आहे.

इंग्रजीत 'जिथे, जिथे' अशी लांबत गेलेली वाक्ये शेवटी एका 'लेट'वर येऊन थांबतात. कवी पित्याला विनवतो की, त्या स्वातंत्र्याच्या स्वर्गात माझा देश जागा व्हावा. सौम्य, पहाटेसारखा शेवट. बंगाली शेवट तसा नाही. तिथे पित्याला सांगितले आहे की, स्वतःच्या हाताने निर्दय आघात कर आणि भारताला त्या स्वर्गात जागे कर. क्रियापद 'करणे'चे आहे, आज्ञार्थी आहे, आणि त्याच्या आधी हात आहे, घाव आहे, निर्दयता आहे. इंग्रजीत येताना हात गेला, घाव गेला, निर्दयता गेली, 'भारत' हे नावही गेले. त्या सगळ्यांच्या जागी तीन अक्षरांचा 'लेट' आला.

या बदलाची सोपी कारणे सांगता येतात. इंग्रजी 'गीतांजली' ही गद्यलयीत आहे. दीर्घ वाक्यांच्या रांगेनंतर एक लहान, मृदू क्रियापद तिथे कानाला शोभते. ज्या वाचकांसाठी ती होती त्यांना पौर्वात्य प्रार्थनेचा शांत स्वर अपेक्षित होता, असेही म्हणता येईल. पण कारणापेक्षा परिणाम मला महत्त्वाचा वाटतो. बंगालीत पिता हा दाराबाहेरून धक्के देणारा आहे. देश आत झोपला आहे, दार आतूनच बंद आहे आणि जागे होण्याला वेदनेची किंमत आहे. इंग्रजीत पिता दारावरचा पहारेकरी होतो. त्याने मूठ सैल केली की पुरे. देश जणू केव्हाचा उठायला तयारच आहे, फक्त परवानगीची वाट पाहतो आहे. या दोन चित्रांतला फरक अलंकारापुरता नाही. पारतंत्र्याचे कारण कुठे आहे, आपल्या झोपेत की दुसऱ्याच्या पहाऱ्यात, याविषयीच्या दोन भूमिका त्यांत आहेत.

मराठी अनुवादक ही कविता इंग्रजीतून घेईल तर त्याच्यापुढे तीन वाटा असतील. 'देशाला जागे होऊ दे' म्हटले तर पिता पहारेकरी झाला. 'देश जागा होऊ दे' म्हटले तर पिता केवळ साक्षीदार उरला. 'जागा होवो' म्हटले तर ती पसायदानाच्या वळणाची प्रार्थना झाली, आपल्या कानाला अतिशय गोड आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची. या तिन्ही वाटा व्याकरणाने शुद्ध आहेत. तिन्हींत आघात नाही. 'मार आणि जागे कर' ही चौथी वाट बंगाली मूळ उघडल्याशिवाय सापडतच नाही.

यावर कोणी म्हणेल की, कवीनेच बदल केला असेल तर तक्रार कशाची? तक्रार नाहीच. स्वतःच्या कवितेवर कवीचा अधिकार आहे, आणि इंग्रजी रूपाचे सौंदर्य मला मान्य आहे. माझे म्हणणे आपल्याविषयी आहे. शंभराहून अधिक वर्षे आपण, भारतीय वाचकांनी, ही कविता मुख्यत्वे 'लेट'मधून वाचली. शाळेच्या भिंतींवर, समारंभांच्या पत्रिकांवर, भाषणांच्या अखेरीस ती सौम्य इच्छा म्हणून म्हटली गेली. तिच्या मूळ रूपात कवी स्वतःच्याच देशावर घाव घालायला सांगतो आहे, हे जर प्रत्येक वेळी ऐकू आले असते तर ती इतक्या सहजपणे समारंभात म्हणता आली असती काय? मला शंका आहे. एका सोप्या क्रियापदाने कवितेला लोकप्रिय केले आणि तिची धार म्यानात ठेवली.

'लेट'च्या मुळाशी सैल सोडण्याचा अर्थ आहे, हे वर आलेच आहे. टागोरांच्या इंग्रजीत पित्याची मूठ उघडते; बंगालीत तीच मूठ उगारलेली आहे. फारोसमोर उभे राहून मूठ उघडायला सांगणे हे धैर्य आहे. झोपलेल्या आपल्याच माणसांसाठी उगारलेली मूठ मागणे हे वेगळ्या जातीचे आणि बहुधा अधिक कठीण धैर्य आहे. इंग्रजीचा 'लेट' यांतले पहिले पेलतो. दुसऱ्यासाठी त्या शब्दात जागा नाही. मराठीत 'जागे कर' अशी जागा आहे. इंग्रजी पान समोर ठेवून कविता मराठीत आणताना ती आपण वापरतो की नाही, एवढाच प्रश्न उरतो.